कॅराव्हॅनचं किचन आचोळ्यात : रीलमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं

रील बघता बघता ती व्हॅन तुमच्याही समोर आली असेल. मागचं दार उघडलं की आत इवलंसं किचन. घडी होणारा ओटा, भिंतीला चिकटलेले मसाल्याचे डबे, एकात एक बसणारी भांडी, वर पिवळा उजेड. परदेशात याला आरव्ही म्हणतात, आपल्याकडे कॅराव्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आता आचोळे रोडला सकाळी स्टेशनसाठी रिक्षा मिळवायची मारामार, तिथे कॅराव्हॅन कोण घेणार हा भाग वेगळा.

तरीही आचोळ्यातल्या माणसाने ही रील नुसती पुढे सरकवू नये. नालासोपारा पूर्वेला वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतला हा भाग. मुंबईत परवडत नाही म्हणून लोक लोकलने इथवर आले आणि वन आरके, वन बीएचकेत स्थिरावले. किचन एवढं की आत दोघं उभे असतील तर तिसऱ्याने पाण्याचा ग्लास बाहेरूनच मागायचा. आणि यातले बरेच जण भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं, की टेम्पो बोलवायचा. घराला चाकं नसली तरी किचन फिरतंच.

स्वतःची खोली घेतली म्हणजे फिरणं संपलं असंही नाही. आचोळ्याच्या हद्दीत अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने पाडल्या गेल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. दोन हजारांहून जास्त कुटुंबांना घर सोडावं लागलं. त्यांच्या दुःखाला किचनच्या टिप्स हे उत्तर नाही, हे उघड आहे. पण ज्यांनी भिंतीत बसवलेली ट्रॉली, फर्निचर, टाइल्स यांत पैसे घातले होते, त्यांचे ते पैसे भिंतीसोबत गेले. डबे, मांडणी, शेगडी तेवढी बरोबर आली.

म्हणून छोट्या किचनवर खर्च करायचा तर पैसा भिंतीत घालू नका, सोबत नेता येईल अशा वस्तूत घाला. किचन एका दिवसात सुटं होऊन टेम्पोत चढलं पाहिजे. कॅराव्हॅनवाल्यांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट ही आहे, पिवळा उजेड नाही.

रेल्वेच्या डब्यातून घरात आलेलं किचन

चालत्या गाडीतलं किचन घरात आणायची कल्पना जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात घरांची प्रचंड टंचाई होती. कामगारांसाठी स्वस्त घरं बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंकडे किचनचं काम आलं. त्यांनी नमुना घेतला तो रेल्वेच्या डायनिंग कारचा. एवढ्याशा डब्यात इतक्या लोकांचं जेवण बनतं, मग घरात का नाही?

१९२६ मध्ये तयार झालेलं हे ‘फ्रँकफर्ट किचन’ साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं होतं. म्हणजे सव्वासहा फूट बाय अकरा फूट. ओळखीचं वाटतंय ना? त्यात तांदूळ, साखरेसाठी भिंतीत सरकवायचे ॲल्युमिनियमचे डबे होते, प्रत्येकावर नाव आणि पुढे ओतायला चोच. भाजीची सालं ओट्यावरून थेट खालच्या सुट्या खणात. अशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली आणि आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथून धरतात.

त्याच्यावर टीकाही झाली, आणि ती आपल्याला लागू पडते. हे किचन एकाच बाईसाठी बेतलेलं होतं. दुसरं कुणी मदतीला आलं तर उभं राहायला जागा नाही. आपल्याकडे छोट्या किचनचं कौतुक करताना हा मुद्दा कुणी काढत नाही. सासू, सून, शाळेला जाणारं पोर आणि सकाळी ५.४० ची लोकल पकडणारा माणूस, सगळ्यांना त्याच अर्ध्या तासात तिथे काम असतं. त्यामुळे आपल्या किचनची पहिली सुधारणा म्हणजे पाण्याचं पिंप किंवा माठ, चहा-साखरेचे डबे आणि टिफिन या तीन गोष्टी दारापाशी आणणं. ज्याला फक्त पाणी किंवा डबा हवाय त्याने आत यायचीच गरज नको. खर्च शून्य, आणि सकाळची भांडणं निम्मी होतात.

बाकी, एकावर एक रचायची अक्कल आपल्याला जर्मनांनी शिकवायची गरज नव्हती. उतरंड म्हणजे दुसरं काय? मोठं मडकं खाली, लहान वर. मांजराच्या आणि मुंग्यांच्या वर टांगलेलं शिंकाळं म्हणजे आजचं हँगिंग ऑर्गनायझर. आणि आजीच्या घरातली स्टीलची मांडणी: ताटं उभी, वाट्या-पेले वर, खाली कपांना हूक. दोन-चार खिळ्यांवर टांगलेली, काढली की रिकामी भिंत. ऑनलाइन दीड-दोन हजारांची पावडर कोटेड रॅक बघण्याआधी गावी पडून असलेली मांडणी आठवून बघा. चिंच लावून घासली की नवी होते.

रील जे दाखवत नाही : गॅस आणि पाणी

परदेशी व्हॅनचं किचन बहुतेक वेळा विजेवर नाहीतर छोट्या सिलेंडरवर चालतं आणि पाणी टाकीतून नळाला येतं. आपल्या किचनमधली सगळ्यात मोठी जागा मात्र दोन अवजड गोष्टी खातात, सिलेंडर आणि पाण्याचा ड्रम. यांची सोय लावल्याशिवाय डब्यांकडे वळू नका.

घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. म्हणजे भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास. तो कायम उभा, शेगडीच्या पातळीपेक्षा खाली आणि मोकळ्या हवेत ठेवायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून बाहेर पडत नाही, जमिनीलगत साचतो. म्हणूनच ओट्याखाली सिलेंडर ठेवून पुढे घट्ट बसणारी प्लायवूडची दारं लावणं हा दिसायला छान पण धोकादायक प्रकार आहे. दारं असतीलच तर तळाशी जाळी किंवा भोकं हवीत.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पडदा. सुती कापड, स्प्रिंगची तार, दोन हूक. पसारा झाकतो, हवा खेळती ठेवतो, धुता येतो आणि घर सोडताना गुंडाळून नेता येतो. पावसाळ्यात प्लायवूडची दारं फुगतात, पडद्याला तो त्रास नाही. ओट्याच्या वर, शेगडीच्या बाजूला मात्र पडदा नको.

रबरी ट्यूब आयएसआय मार्कची घ्यायची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायचीच. तिच्यावर फडकं किंवा शोभेचं कव्हर गुंडाळू नका, तडा गेलेला दिसत नाही. वन आरकेत फ्रिज आणि सिलेंडर शेजारी शेजारी येतात, तिथे शक्य तितकं अंतर ठेवा, कारण फ्रिज आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते. वास आला तर बटण दाबायचं नाही, ना बंद करायला ना चालू करायला. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

आता पाणी. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारसाठी दिवसाला १८.५ कोटी लिटर वाढीव पाण्याची योजना आखली गेली, तरी पाणी ठरावीक वेळेला येतं आणि साठवायची सवय मोडत नाही. दोनशे लिटरचा निळा ड्रम भरला की त्याचं वजन दोनशे किलोच्या वर जातं आणि तो जवळपास दोन फूट रुंदीची जागा कायमची अडवतो. हलवता येत नाही, म्हणून मागे झुरळांचं राज्य. त्याऐवजी पन्नास-साठ लिटरचे दोन-तीन ड्रम घेतले तर एक ओट्याखाली, एक मोरीत, एक कोपऱ्यात बसतो. कोपऱ्यातल्या ड्रमवर घट्ट झाकण आणि त्यावर एक जाड फळी ठेवली की कणीक मळायला, भाजी चिरायला जास्तीचा ओटा तयार. झाकण घट्ट हवं आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायला हवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती घासल्याशिवाय निघत नाहीत.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल ठप्प झाल्या होत्या. आचोळे रोडला पाणी तुंबणं तर दर पावसाळ्यातलं आहे. अशा घरात ‘जड वस्तू खाली’ हा कॅराव्हॅनचा नियम जून ते सप्टेंबर उलटा करायचा. तांदूळ, गहू, डाळी गुडघ्याच्या वर. खाली फक्त भिजली तरी चालतील अशी भांडी. मिक्सर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायची सवय तर बाराही महिने वाईट.

डबे : चौकोनी का, आणि चुंबक का चालत नाही

रीलमध्ये सगळं काचेच्या बरण्यांत असतं. दिसतं सुंदर. पण काच जड, टेम्पोत फुटते, आणि उजेडात हळद-तिखटाचा रंग उडतो. आपला स्टीलचा डबा या तिन्ही बाबतींत सरस आहे. अडचण एकच, आत काय आहे ते दिसत नाही. त्यावर मास्किंग टेप आणि मार्कर. डबा वर ठेवत असाल तर नाव बाजूला, खाली ठेवत असाल तर झाकणावर.

गोल डब्यांचा एक हिशोब मात्र लक्षात घ्या. फळीवर एकाच मापाचे गोल डबे ओळीने लावले, तर सुमारे एकवीस टक्के जागा मधल्या फटींत जाते. पाच फुटांच्या फळीतला जवळपास एक फूट नुसती हवा. त्यामुळे जुने गोल डबे टाकून देऊ नका, पण नवीन घ्यायचे असतील तर चौकोनी घ्या. डबा घेताना दुकानात फळीची उंची-खोली मोजून न्या. पाऊण इंचाने न बसणारा डबा हा छोट्या किचनमधला सगळ्यात महाग डबा.

मसाल्याचे डबे चुंबकाने भिंतीला लटकवायची रील सगळ्यात जास्त फिरते. ती इथे फसते. आपल्याकडची बरीचशी स्टीलची भांडी ज्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची असतात त्याला चुंबक चिकटतच नाही. विकत घेण्याआधी फ्रिजवरचं एक मॅग्नेट डब्याला लावून बघा. सुरीचं पातं सहसा चिकटतं, त्यामुळे सुऱ्यांसाठी चुंबकाची पट्टी चालते. फ्रिजच्या बाजूला चुंबकाचं रॅक लावता येतं, फक्त आधी हात लावून बघा. अनेक फ्रिजच्या बाजू गरम होतात. तिथे मसाले ठेवले तर वास लवकर जातो. तिथे चमचे, नॅपकिन, फॉइल ठेवा.

चिकटवायच्या हुकांबद्दल तक्रार असते की रात्री धाडकन पडतात. दोष बहुतेक वेळा तेलकट भिंतीचा असतो. गुळगुळीत टाइल निवडा, साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, हूक दाबून चिकटवा आणि एक दिवस त्याला काही टांगू नका. रंग दिलेल्या भिंतीवर हूक लावला तर तो रंगाचा पोपडा घेऊनच खाली येतो, आणि डिपॉझिटमधून पैसे कापायला मालकाला तेवढं पुरतं. त्यापेक्षा दारावर अडकवायचे हूक, खिडकीच्या ग्रिलला लावलेले एस हूक, दोन भिंतींमध्ये ताणून बसवायचा दांडा या गोष्टी बऱ्या. ग्रिलवर कढई-झारे टांगा, पण ग्रिलचा पूर्ण डबा सामानाने भरू नका. हवा येण्याचा तोच एक रस्ता असतो, आणि आग लागली तर बाहेर पडायचाही.

वर्षातून दोनदा लागणारी भांडी, म्हणजे मोदकपात्र, मोठं पातेलं, पुरणयंत्र, ही रोजच्या फळीवर असतात ती सवयीने. त्यांना वर माळ्यावर पाठवा. मोठ्या पातेल्यात मधलं, त्यात छोटं, त्यात पुरणयंत्र. उतरंडच, फक्त आतल्या बाजूने.

नवं रूप, पण दिवाळीच्या सुमारास

किचन नवं दिसावं म्हणून बहुतेक जण आधी संगमरवरी नक्षीचा स्टिकर मागवतात. ओल आलेल्या भिंतीवर हा स्टिकर लावलात तर ओल आत कोंडते. पहिल्या पावसात कडा सुटतात आणि मागे काळी बुरशी सापडते. आपल्या भागात भिंतीचं कुठलंही काम जूनमध्ये काढू नये. पाऊस संपून भिंती सुकल्या की दिवाळीच्या साफसफाईबरोबर काढावं. तेव्हाही स्टिकर फक्त कोरड्या भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर. शेगडीच्या मागे प्लास्टिकचा स्टिकर नकोच, तो उष्णतेने आकसतो आणि पेटू शकतो. तिथे ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पत्रा नुसता टेकवून ठेवा. घासायलाही सोपा आणि न्यायलाही.

पण स्टिकरआधी एकदा टाइल्स धुऊन बघा. धुण्याचा सोडा दोन चमचे, एक लिटर गरम पाणी. हातमोजे घालून फडक्याने लावा, दहा मिनिटं ठेवा, पुसा. वर्षानुवर्षांची फोडणीची चिकटी निघते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हे पाणी लावू नका, ती काळी पडतात. टाइलच्या मधल्या फटी काळ्या झाल्या असतील तर व्हाइट सिमेंट भरून घ्या. फटी बुजल्या की झुरळांची घरंही जातात.

ओटा कडप्प्याचा आहे की ग्रॅनाइटचा हे आधी ओळखा. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड पडलं की तो खातो आणि फिकट डाग कायमचे राहतात. त्यामुळे ‘लिंबाने ओटा चमकवा’ ही टिप ग्रॅनाइटवाल्यांसाठी ठीक, कडप्पावाल्यांसाठी नाही. कडप्पा साध्या साबणाने धुवायचा, पूर्ण सुकवायचा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसायचा. काळाभोर दिसतो. आणखी एक, कुठलंही ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो आणि छोट्या बंद किचनमध्ये तो लगेच भरतो.

उजेडाचं काम त्याहून सोपं. बहुतेक किचनमध्ये ट्यूब आपल्या पाठीमागे असते, म्हणून चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. ओट्यावरच्या फळीच्या खाली पुढच्या बाजूने एक एलईडी पट्टी लावली की सावली गेली. नऊ वॅटची पट्टी रोज दहा तास लावली तरी महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. मालक वायरिंगला हात लावू देत नसेल तर चार्जिंगची चालेल.

हजार-दीड हजारात करायचं असेल तर माझ्या मते क्रम असा: ट्यूब पाच वर्षांची झाली असेल तर आधी ती, मग सोडा-व्हाइट सिमेंट, मग उजेड, मग पडदा, उरलेल्यात चौकोनी डबे. स्टिकर सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतला तरी काही बिघडत नाही.

टेम्पो येईल त्या दिवशी

राहायला गेल्याच्या दिवशीच रिकाम्या किचनचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. ओल, तुटकी टाइल, गळका नळ, सगळं. घर सोडताना डिपॉझिटचा वाद बहुतेक यावरच होतो. खिळा ठोकला असेल तर भोक व्हाइट सिमेंटने बुजवा.

करार नोंदणीकृत आहे ना हेही बघा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. किचनशी याचा संबंध काय? गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलायला पुरावा म्हणून हाच करार कामी येतो. पत्ता बदलला नाही तर सिलेंडर जुन्या घरी जाऊन परत जातो आणि तुम्ही नव्या घरी शेजाऱ्याचा सिलेंडर उसना मागत बसता.

सामान भरताना डाळ-तांदळाचे डबे भरलेलेच, झाकणावरून टेप फिरवून न्या. ताटं आडवी रचू नका, उभी भरा, मध्ये टॉवेल. सिलेंडर उभा आणि दोरीने बांधलेला, रेग्युलेटर काढून सीलची टोपी लावलेला. टेम्पोत शेवटी एकच पिशवी चढवायची, म्हणजे उतरताना ती पहिली हाताला लागते: शेगडी पुसायचं फडकं, एक पातेलं, गाळणं, चहा-साखर, कप आणि लायटर. लायटर हमखास जुन्या घराच्या खिडकीत राहतो.